ती पाटी

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "आई, त्याने ती पाटी काढून का नाही टाकली?" कुठली पाटी, असं मी विचारेपर्यंत ती लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरातच आली. पडद्यावर चित्र थांबवून ठेवलं होतं. पिवळ्या अंगाचा, टकलावर दोनच केस उरलेला, 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतला बाप होमर सिम्पसन, अणुवीज प्रकल्पातली त्याची बसायची जागा आणि समोर भिंतीवर एक मोठी पाटी. पाटीवर एका तान्ह्या मुलीचे फोटो चिकटवलेले, कुठे सरळ, कुठे तिरके. मी हात पुसत वाकून पाहिलं आणि एकदम ओळख पटली. "काढता आली नसेल गं," एवढं म्हणून मी फोडणीकडे वळले. मोहरी तडतडली, ती निघून गेली. पण त्या रात्री भांडी घासताना, दुसऱ्या दिवशी गाडीत उभी असताना, बँकेत व्हाउचरवर सह्या करताना तो प्रश्न परत परत येत राहिला. नऊ वर्षांच्या मुलीला मी काहीतरी तुटकं उत्तर देऊन वाटेला लावलं होतं, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्याच घरात कुठेतरी आहे असं मला वाटत होतं.

तो भाग सहाव्या सीझनमधला, जानेवारी १९९५ मध्ये पहिल्यांदा दाखवलेला. घरातले सगळे फोटोंचा अल्बम चाळत बसलेत. बार्टचे फोटो आहेत, लिसाचे आहेत, धाकट्या मॅगीचा एकही नाही. असं का, म्हणून पोरं विचारतात आणि होमर गोष्ट सांगायला लागतो. मॅगीच्या आधीचे दिवस. दोन मुलं, कर्ज फिटलेलं, घरखर्चाचा हिशेब कसाबसा जुळलेला. तेवढ्या बळावर त्याने नावडती नोकरी सोडली. मालकाला, मिस्टर बर्न्सला, सगळ्यांदेखत अपमान करून सोडली आणि बाहेर पडताना मागचा पूलही पेटवून दिला, खराखुरा पूल. मग मनाजोगती नोकरी मिळाली, गावातल्या बोलिंगच्या अड्ड्यावर. पगार कमी, पण माणूस खुशीत कामाला जाऊ लागला. आणि तेवढ्यात त्याच्या बायकोला, मार्जला, तिसऱ्यांदा दिवस गेले. बोलिंगचा मालक भला माणूस, पण त्याच्याकडे वाढवून द्यायला पैसेच नाहीत. होमर प्रकल्पावर परत जातो. परत येणाऱ्या याचकांसाठी तिथे वेगळं बुटकं दार आहे, त्यातून तो रांगत आत शिरतो. मिस्टर बर्न्स त्याला कामावर घेतो आणि त्याच्या टेबलासमोर ती पाटी ठोकून देतो: 'डोन्ट फर्गेट, यू आर हिअर फॉरेव्हर', म्हणजे विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. मॅगीचे फोटो घरात का नाहीत याचं उत्तर शेवटच्या दृश्यात मिळतं. ते सगळे त्या पाटीवर आहेत. आणि ते असे लावलेत की मधली अक्षरं झाकली जाऊन उरतं 'डू इट फॉर हर', म्हणजे हे तिच्यासाठी कर.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा वीस वर्षांची होते, पुण्यात हॉस्टेलला. कॉमन रूममध्ये एकच टीव्ही, त्याच्यासमोर पत्र्याच्या खुर्च्या, मेसमधून येणारा करपलेल्या पोळ्यांचा वास. पूल जळतो तिथे आम्ही मुली हसून हसून लोळलो होतो. शेवट आला तेव्हा कुणीतरी 'ऑ' असा लाडिक आवाज काढला आणि आम्ही जेवायला गेलो. मला त्या वेळी सगळ्यात लिसा आवडायची. आठ वर्षांची, सॅक्सोफोन वाजवणारी, वर्गात सगळं येतं म्हणून एकटी पडलेली. तिचे बदली शिक्षक गाव सोडून जाताना तिला एक चिठ्ठी देतात आणि त्यात फक्त 'तू लिसा सिम्पसन आहेस' एवढंच लिहिलेलं असतं, तो १९९१ सालचा भाग मी पाठ केल्यासारखा पाहिला होता. तिच्या बापाकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. तो पडणारा, खाणारा, घोरणारा, मुलाचा गळा धरणारा माणूस. विनोदासाठी असतो तसा.

आता परत पहिल्यापासून पाहायला घेतलं तेव्हा मात्र वेगळंच दिसायला लागलं. अर्ध्या तासाचा पहिला भाग १७ डिसेंबर १९८९ चा, नाताळचा. मिस्टर बर्न्स लाउडस्पीकरवरून जाहीर करतो की यंदा बोनस नाही. इकडे घरात नाताळसाठी साठवलेले पैसे बार्टच्या हातावरचं गोंदण काढण्यात संपलेत आणि मार्ज निर्धास्त आहे, कारण बोनस येणार आहे. होमर घरी येतो आणि सांगतच नाही. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग तो बायकोपासून लपवून मॉलमध्ये सांताक्लॉज होतो, नकली दाढी लावून परक्या मुलांना मांडीवर घेतो. शेवटी हातात पडतात तेरा डॉलर, कारण पोशाखाचे पैसे कापलेत, दाढीचं भाडं कापलंय, सांताक्लॉज होण्याच्या प्रशिक्षणाचेही कापलेत. मालिका म्हणून टीव्हीवर पाय ठेवण्याचा हा पहिला दिवस, आणि त्या दिवशी या लोकांनी गोष्ट कसली निवडली, तर न मिळालेल्या बोनसची.

आमच्याकडे १९९२ च्या दिवाळीत बोनस आला नव्हता.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. फराळ झाला, फ्रॉक आला, फुलबाज्या आल्या. बाबांनी आईला सांगितलं होतं की या वर्षी दोन हप्त्यांत देणार आहेत. पहिला हप्ता म्हणून त्यांनी जे पैसे आणून दिले ते पतपेढीचं कर्ज होतं, आणि ते फेडायला पुढची दिवाळी उजाडली. हे मला पुष्कळ वर्षांनी, कपाट आवरताना सापडलेल्या पासबुकातून समजलं. आईला कधी समजलं का, मला माहीत नाही. ती गेली आता. पण त्याच सुट्टीतला एक दिवस मला स्वच्छ आठवतो. आई मामाकडे गेली होती, मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून बाबा मला फोर्टमधल्या त्यांच्या ऑफिसात घेऊन गेले. डोंबिवलीहून गाडीत शिरताना त्यांनी मला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं. ऑफिसात उंच छताखाली पंखे सावकाश फिरत होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काचेचा गोळा ठेवलेला होता. शाईचा, गोंदाचा, जुन्या रजिस्टरांच्या कापडी पुठ्ठ्यांचा असा एक मिसळलेला वास होता. बाबांच्या टेबलावर जाड हिरवट काच होती. काचेखाली लोकलचं वेळापत्रक, सिद्धिविनायकाचं चित्र, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि उजव्या कोपऱ्यात माझा बालवाडीतला फोटो, दोन शेंड्या आणि गळ्यात रुमाल पिनने लावलेला. शिपायाने मला बशीत चहा आणि दोन बिस्किटं दिली. मी फारच खूश होते. सगळ्यांच्या टेबलांवर काचा होत्या आणि एका काचेखाली मी होते.

दुपारी साहेबांनी बाबांना बोलावलं. केबिनला अर्धी झुलती दारं होती, खालून पाय दिसायचे. बाबांच्या चपला शेजारीशेजारी जुळवलेल्या दिसत होत्या, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारख्या. आवाज सगळ्या हॉलभर येत होता. कसल्या तरी आकड्यांवरून होतं, मला काही कळलं नाही, पण एक वाक्य कळलं. "आम्ही काढलं तर तुम्हाला दुसरीकडे ठेवणार कोण?" हॉलमधले सगळे खाली मान घालून लिहीत होते. बाबा बाहेर आले, कान लाल झालेले. खुर्चीवर बसले, खिशातून रुमाल काढून टेबलाची काच पुसली, सगळी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि तांबडी पेन्सिल घेऊन बेरीज तपासायला लागले. संध्याकाळी व्हीटीला त्यांनी मला खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन दिली आणि खिडकी मिळावी म्हणून दोन गाड्या सोडल्या. वाटेत आम्ही दोघंही काही बोललो नाही. आई परत आल्यावर मी तिला शिपायाची बिस्किटं सांगितली, काचेखालचा फोटो सांगितला. बाकीचं सांगितलं नाही.

जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे आमच्या त्या दिवाळीच्या नऊ महिने आधी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश एका भाषणात म्हणाले होते की अमेरिकी कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत. वॉल्टन्स म्हणजे टीव्हीवरचंच एक जुनं कुटुंब, महामंदीच्या काळातलं, गरीब पण गुणी, रात्री दिवे मालवताना एकमेकांना प्रेमाने हाका मारणारं. तीनच दिवसांनी एका जुन्या भागाच्या सुरुवातीला नवं दृश्य जोडून बार्टने उत्तर दिलं: आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय. हे वाक्य चटकन हसू आणतं, पण मला ते फार नेमकं वाटतं. घरात भांडणं होतात, पोरगं वाया चाललंय, बाप बिअर पिऊन सोफ्यावर पडलाय, हे सगळ्यांना दिसत होतं. तो बाप दिवसभर कुठे असतो आणि तिथे त्याला काय ऐकून घ्यावं लागतं, हे त्या मालिकेने दाखवलं होतं. तिच्या आधी टीव्हीवर कुटुंबं काही कमी नव्हती. पण घराचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, दंतवैद्याचं बिल यांचा घोर लागलेले बाप मला तरी त्यांत फारसे आठवत नाहीत. कुटुंबाची चेष्टा करणारी मालिका म्हणून हिचं नाव झालं. मला मात्र तिचा राग नेहमी मिस्टर बर्न्सच्या खिडकीकडे रोखलेला दिसतो.

आणि मार्ज. १९९२ च्याच फेब्रुवारीतल्या एका भागात ती पुलाच्या मधोमध गाडी थांबवते आणि स्टिअरिंग धरून बसून राहते. सकाळपासून एकेकाची कामं, मागे बाळ, कुणीतरी गाडी आडवी घातलेली, दूध अंगावर सांडलेलं, आणि तिच्यातलं काहीतरी संपतं. दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प. मार्जला आवाज देणाऱ्या ज्युली कॅव्हनरचा तो घोगरा, घशात अडकलेला स्वर त्या किंकाळीत जसा लागतो तसा मी दुसऱ्या कुठल्याही कार्टूनमध्ये ऐकलेला नाही. आमच्या घरी गाडी नव्हती, पूलही नव्हता. माझी आई वर्षातून एकदा दुपारी दार लावून घ्यायची आणि आतून काहीच आवाज यायचा नाही. बाबा तेव्हा चुलीपाशी, म्हणजे आमच्या त्या रॉकेलच्या स्टोव्हपाशी, उकडीव बटाटे सोलत बसायचे.

ही मालिका ज्याच्या डोक्यातून निघाली त्या मॅट ग्रेनिंगने त्यातल्या माणसांना आपल्याच घरातली नावं दिली, ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा तिला ते खरंच वाटेना. वडील होमर, आई मार्गारेट म्हणजे मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं ठेवलं नाही, बार्ट केलं. निर्माते जेम्स ब्रुक्स यांच्या ऑफिसबाहेर वाट पाहत बसला असताना त्याने ही पाच माणसं घाईघाईत कागदावर काढली, आणि १९८७ मध्ये ती दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या मधल्या मिनिटाभराच्या चित्रफितींतून लोकांसमोर आली. खरे होमर ग्रेनिंग स्वतः चित्रकार होते, चित्रपट काढायचे, जाहिराती करायचे; आळशी आणि मठ्ठ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. आपल्याकडे वडिलांचं नाव घेताना आपण जरा सावरून बसतो. तिथे एका मुलाने ते नाव जगातल्या सगळ्यात वेंधळ्या बापाला दिलं. मला पूर्वी ते खटकायचं. मॅगीच्या फोटोंचा भाग परत पाहिल्यापासून खटकत नाही. ज्याच्या नावाची लाज वाटते त्याच्या नावाने असा शेवट कुणी लिहीत नाही. (तो भाग ग्रेनिंगने स्वतः लिहिलेला नाही, लेखकांची मोठी फळी असते, पण नाव तर त्याचंच घरचं.)

एका बाबतीत मात्र माझं मन आजही या मालिकेशी पूर्ण जुळत नाही. अपू. सिम्पसन्सच्या गावातला, स्प्रिंगफिल्डमधला भारतीय दुकानदार, चोवीस तास काउंटरवर उभा. हॉस्टेलच्या त्या खोलीत तो दिसला की आम्हाला कोण आनंद व्हायचा, आपला माणूस म्हणून. एका भागात तो लिसाला दुकानाच्या गच्चीवर नेतो आणि न रागावता, न हिणवता, शाकाहारी राहून इतरांबरोबर कसं जगायचं ते समजावतो. फार गोड भाग आहे तो. पण माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याचा मुलगा शाळेत पहिल्यांदा रडत घरी आला तो अपूच्याच एका वाक्यावरून. मधल्या सुट्टीत पोरं तेच वाक्य तसाच हेल काढून त्याला म्हणत होती. तो हेल कुणा भारतीयाचा नव्हताच, हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकी नटाने तो काढला होता. हरी कोंडाबोलू या विनोदी कलावंताने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला, पुढच्या वर्षी मालिकेने त्यावर खांदे उडवल्यासारखं उत्तर दिलं, तेही नेमकं लिसाच्या तोंडून, आणि ते मला लागलं. २०२० मध्ये अझारियाने तो आवाज देणं थांबवलं आणि नंतर मनापासून माफीही मागितली. जी मालिका एका कारकुनाच्या अपमानाकडे एवढं निरखून पाहू शकते, तिला काउंटरपलीकडच्या माणसाचा अपमान दिसायला तीस वर्षं लागली, हे मी विसरू शकत नाही. भावाशी बोलताना मी हॉस्टेलमधल्या आमच्या त्या आनंदाबद्दल काही बोलत नाही.

तर मे महिना. बाबा आमच्याकडेच असतात आता, पंचाहत्तरीचे झाले. रविवारी सकाळी ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसले होते, समोर पातेलं, शेजारी टोपलीभर आंबे. रस काढायचं काम ते कुणाला करू देत नाहीत. आंबा तळहातांत फिरवून फिरवून मऊ करायचा, देठ खुडून पहिला चीक पिळून टाकायचा, मग पातेल्यावर धरायचा. खोलीभर तो गोड, किंचित आंबूस वास भरला होता. लेकीने त्यांच्यासमोर डब्याला टेकवून लॅपटॉप लावला आणि म्हणाली, "आजोबा, हा भाग तुम्ही बघाच." बाबांना ते अमेरिकी इंग्रजी पटकन कळत नाही. ती दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत होती. मी दाराशी उभी राहिले. पूल जळला तेव्हा बाबा हसले नाहीत. "आता गरज पडली की याला पोहत जावं लागेल," एवढंच म्हणाले. बुटक्या दारातून होमर रांगत आत गेला तेव्हा त्यांच्या हातातला आंबा फिरायचा थांबला.

शेवटी पाटी आली. लेकीने चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. "बघा, आधी डोन्ट होतं. त्याने फोटो असा लावलाय की एन अक्षराची एकच उभी रेघ उरलीय, आणि ती आय झालीय. म्हणून डू इट." हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. अर्धं अक्षर झाकून दुसरं अक्षर केलेलं. कुणीतरी चित्रकाराने पट्टी घेऊन ते मोजलं असणार, फोटो मिलिमीटरभर इकडे की तिकडे. बाबांनी मान पुढे काढून पाहिलं, चष्मा वर सरकवायला हात रिकामा नव्हता म्हणून मनगटाने सरकवला, भिंगाला रस लागला.

"पण आजोबा, त्याने ती सरळ काढूनच का नाही टाकली?"

बाबांनी थोडा वेळ घेतला. "स्क्रू मारले असतील," ते म्हणाले. "आणि काढली तर साहेब दुसऱ्या दिवशी नवी लावतो. पहिलीपेक्षा मोठी. पोरीचे फोटो काढ म्हणून कोण सांगणार आहे?"

लेकीला ते पटलं. तिने मान डोलावली आणि शेवटची नावं सरकू दिली. मी आत जाऊन उगाच ओटा पुसला, परत आले, त्यांच्या शेजारी बसले आणि एक आंबा हातात घेतला. मग विचारलं, "बाबा, तुमच्या टेबलाच्या काचेखाली माझा फोटो होता ना? तो कुठे गेला?" रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी घरी आणलेली कापडी पिशवी मला आठवत होती. तिच्यात डबा होता, छत्री होती, सिद्धिविनायक होता, तांबड्या पेन्सिलीही होत्या.

"काचेला चिकटला होता गं," बाबा म्हणाले. "पावसाळ्यात ओल धरायची. शेवटच्या दिवशी एका कोपऱ्यापासून ओढून पाहिला, पण तुझा चेहराच सोलून निघायला लागला. मग ठेवला तसाच. काच कंपनीची होती."

त्यांनी बाठा पातेल्याच्या काठावर निपटला, ताटलीत ठेवला आणि टोपलीतला पुढचा आंबा उचलला. "लाव गं पुढचा," ते लेकीला म्हणाले.